दहा पांढरे आणि एक भाऊजी

आमच्या भाऊजींच्या मते जगात पांढरे रंग दहा आहेत. तुम्हाला-मला एकच दिसतो, आणि तोही नुकता धुतलेला असेल तर. एकशे एक म्हणजे कोऱ्या कागदाचा पांढरा, एकशे दहा म्हणजे दुधावरची साय, आणि मधल्या आठांत कोण कुठे बसतो हे एक भाऊजी जाणे आणि दुसरं रंगाच्या कंपनीचं कार्ड जाणे.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वय एकसष्ट, लग्न केलं नाही, दुकानाच्या वरच्या खोलीत राहतात, दोन वेळा जेवायला शेजारच्या खोल्यांत, आमच्याकडे. दुकान रंगांचं. समोरचा काउंटर माझ्याकडे. डबे गाडीत घालून पोचवायचं काम यांच्याकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे. आणि मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीशी उभं राहून रंग कालवायचं काम भाऊजींकडे. गिऱ्हाईक भिंतीचा नखाएवढा पोपडा घेऊन येतं, भाऊजी तो उजेडात धरतात, डोळे बारीक करतात आणि चार थेंब काळा, दोन थेंब पिवळा असं करत तोच रंग डब्यात उभा करतात. कंपनीने रंग कालवायचं यंत्र पाठवलं होतं, त्याला पाच वर्षं झाली. भाऊजींनी त्याच्यावर जुनी चादर टाकली आणि वर चहाचे कप ठेवायला सुरुवात केली.

माणूस असा की त्याला कशालाही नंबर दिल्याशिवाय चैन पडत नाही. टोमॅटो चारशे बाराचे आणा, चारशे नऊचे आंबट असतात. एकदा सकाळी चहा पिता पिता माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, तुमच्या डोळ्यांतला पांढरा कालपर्यंत एकशे दोन होता, आज एकशे सहा आहे." मी म्हटलं, आता हा माणूस मलाही डब्यात भरणार. पण त्यांनी पिच्छाच सोडला नाही. शेवटी डॉक्टरकडे गेले, तर कावीळ! डॉक्टर म्हणाले, एवढ्या लवकर कुणाच्या लक्षात आलं? मी काय सांगणार, दुकानातल्या मागच्या खोलीतल्या माणसाच्या!

तर अशा माणसाला कुत्र्याच्या छत्र्यांचा नाद लागला, त्याची ही गोष्ट.

सहा वर्षांपूर्वी भाऊजी एका बाईंच्या खिडकीचा हिरवा जुळवायला गेले होते. बाई शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या, निवृत्त झाल्या तरी सारं गाव त्यांना अजून 'बाई'च म्हणतं. दर रविवारी सकाळी दहा-बारा लोकांना घेऊन त्या पाण्याच्या टाकीमागच्या जंगलात फिरायला जातात. झाडं, झुडपं, शेवाळं, आणि पानगळ सुरू झाली की मुख्य म्हणजे अळंबी. सापडेल ते सगळं एका जाड वहीत लिहितात. भाऊजी गेले तेव्हा बाई टेबलावर एक अळंबी ठेवून तिचं वर्णन लिहीत होत्या. भाऊजींनी वहीत डोकावून वाचलं, 'टोपी तपकिरी'. आणि मग काय! "बाई, तपकिरी म्हणजे काय? आमच्याकडे तपकिरी सदतीस आहेत. ही सहाशे एकवीस. कडेला सहाशे चोवीस, आणि देठ एकशे आठ."

दुसरं कुणी असतं तर हाकलून दिलं असतं. बाईंनी खुर्ची पुढे केली.

त्या रविवारपासून भाऊजी फिरायला जायला लागले. पुढच्या पानगळीपर्यंत सगळ्या मंडळींच्या खिशात आमच्या दुकानाचं रंगाचं कार्ड. पोस्टमन, बेकरीवाला, झाडून सगळे. खेळच झाला त्यांचा. ओकच्या मुळाशी काही दिसलं की भाऊजी लांबूनच नंबर सांगणार, बाकीचे गुडघ्यांवर बसून कार्ड लावून बघणार, आणि नंबर बरोबर निघाला की टाळ्या. सहा वर्षांत एकदाही चुकले नाहीत म्हणे. बर्चच्या खोडाला फळ्या ठोकल्यासारखी बाहेर येणारी कडक अळंबी म्हणू नका, टिचकी मारली की धूर सोडणारा पांढरा गोळा म्हणू नका, दुपारपर्यंत वितळून काळी शाई होणारी ती उंच टोपी म्हणू नका, सगळ्यांचे नंबर वहीत.

घरात त्रास मला. एकदा असलीच एक अळंबी 'रंग जुळवायला' म्हणून रिकाम्या डब्यात घालून दुकानात आणली आणि विसरले. तिचा गुणच असा की मेलेल्या उंदराचा वास मारते, म्हणजे माश्या येतात. माश्या आल्या. गिऱ्हाईकं यायची थांबली. यांनी दोन दिवस फरशी खरवडून काढली, गटारवाला बोलावला, आणि भाऊजी आमच्यामागे उभे राहून विचारताहेत, "कसला वास येतोय हो वहिनी?" डबा सापडला तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी स्वभावाने फटकळच. मनात आलं की तोंडात आलंच. म्हणूनच या पानगळीत जे झालं त्याचा मला एवढा संताप आला.

सुरुवात दातांच्या डॉक्टरीणबाईंपासून झाली. त्यांच्या दवाखान्याची एकच भिंत पुन्हा रंगवायची होती, बाकी तिन्हींसारखी. भाऊजींनी पोपडा बघून डबा दिला. चार दिवसांनी डॉक्टरीणबाई काउंटरवर. "अहो, पेशंट विचारतात ही भिंत निळी का?" भाऊजी मागून ओरडले, "ट्यूबलाइट बदला!" पुढच्या आठवड्यात पाळणाघराची खोली परत आली. तेव्हा गिलावा ओला होता म्हणे. त्यानंतर तक्रारी एकदम बंद. मला वाटलं, चला, सुटलो.

मग एका दुपारी मी मागच्या खोलीत गेले. भाऊजी जेवून वर डुलकी काढायला गेले होते. आणि आमचे हे, ज्यांना आपल्या दोन मोज्यांचा रंग जुळवता येत नाही, ते यंत्रावरची चादर काढून, भाऊजींनी कालवलेला डबा यंत्राखाली धरून उभे! मला बघून चोरासारखे दचकले.

"हे काय चाललंय?"

"काही नाही गं. थोडं सारखं करतोय."

"कधीपासून?"

"झाला एक महिना." आणि मग खाली मान घालून, "त्याला बोलू नकोस. त्याचा जीव आहे त्यात."

म्हणजे भाऊजींच्या डोळ्यांना काहीतरी झालंय हे यांना माहीत होतं, आणि महिनाभर यांनी मूग गिळले होते! मी म्हटलं, आधी मी स्वतः बघते. त्या रविवारी डोक्याला रुमाल बांधला आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्याबरोबर फिरायला गेले.

जंगल छान होतं, खोटं कशाला बोलू. पायाखाली ओल्या पानांचा गालिचा, पाइनखाली मऊ सुयांची गादी, आणि बाई काठीने पानं बाजूला सारून एकेक दाखवताहेत. पडलेल्या एका ओंडक्यावर छोट्या अळंब्यांचा घोस होता. पांढराशुभ्र. मलासुद्धा कळावं इतका पांढरा. भाऊजी पाच पावलांवर थांबले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "एकशे सात."

पोस्टमनने कार्ड लावलं. मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. एकशे एकच्या पट्टीत ती अळंबी पार मिसळून गेली होती. पोस्टमनने अंगठा सरकवला, एकशे सातवर नेला आणि मान डोलावली. "अगदी एकशे सात!" बेकरीवाल्याने लगेच री ओढली, "वा!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी बाईंना एका झाडामागे ओढलं. "बाई, तुम्ही शिकलेल्या. हे काय नाटक?"

बाईंनी वही उघडून दाखवली. दर ओळीत भाऊजींचा नंबर पेनने, आणि बाजूला बारीक पेन्सिलने दुसरा. "खरा पेन्सिलीचा," त्या म्हणाल्या. "दोन महिने झाले. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. त्यांना दुखवायचं नाही."

"आणि उद्या काही भलतंच झालं म्हणजे?"

"खायची अळंबी मी स्वतः तपासल्याशिवाय कुणी घरी नेत नाही. तो नियम आहे."

नियम होता, खरंच होता. पानगळीत एक-दोनदा, गवतात उगवणारी एक ओळखीची जात भाऊजी घरी आणायचे आणि मी ती लोण्यावर परतायचे. पण प्रत्येक अळंबी आधी बाईंच्या हातून जायची. वास, देठ, देठाचं बूड, उगवलेली जागा, आणि टोपीखालच्या चुण्या. चुण्या गुलाबी हव्यात. पांढऱ्या दिसल्या की हात लावायचा नाही, कारण दिसायला तशीच एक पांढऱ्या चुण्यांची बहीण आहे आणि ती माणूस मारते.

त्या दिवशी बाईंना खाण्यासारखं काही सापडलं नाही. सगळे आपापल्या वाटेने गेले. मी स्वयंपाक करायला पुढे आले, भाऊजी मागून रमतगमत आले. आले ते तोंडभर हसत, आणि रुमालातून चार अळंब्या माझ्या ओट्यावर ठेवल्या.

"पंपघराच्या वळणावर मिळाल्या. बाई नव्हत्या, पण आता सहा वर्षांत मला एवढं कळतंच की. परता लोण्यावर!"

मी एक उलटी केली. चुण्या पांढऱ्या.

दुसरी उलटी केली. पांढऱ्या. देठ चाकूने कापलेले, बूड जमिनीतच राहिलेलं. हात धुतले, पुन्हा धुतले. तवा गॅसवर होता तो बंद केला.

आणि सांगते, त्या क्षणी माझ्याही तोंडात थापच आली. 'लोणी संपलंय', 'उद्या करू', 'अय्या, खाली पडल्या'. कचऱ्यात टाकायच्या, हात झटकायचे, भाऊजी पुन्हा आनंदात. इतकं सोपं होतं! मग मला दिसलं की पुढच्या रविवारी हा माणूस पुन्हा चार आणेल, आणि मी दुकानात असेन, आणि तवा त्यांना स्वतःला तापवता येतो.

"भाऊजी," मी म्हटलं, "या पांढऱ्या आहेत."

"गुलाबी आहेत."

"पांढऱ्या आहेत. एकशे एक."

"वहिनी!" ते असे हसले की जणू मी तव्याला कढई म्हटलं. "तुम्ही मला रंग शिकवणार?"

मी कपाटातून कार्ड काढलं. कात्री घेतली. दहा पांढऱ्यांच्या दहा पट्ट्या कापल्या, नंबर प्रत्येकीच्या पाठीवर छापलेला असतोच. पत्त्यांसारख्या पिसल्या आणि खिडकीखालच्या टेबलावर पसरल्या. "लावा क्रमाने. नुसत्या पांढऱ्यापासून सायीपर्यंत."

पूर्वी हा खेळ ते बोलता बोलता करायचे. आता बाह्या सावरून बसले. पहिली पट्टी उचलली, ठेवली. दुसरी उचलली, पहिलीशेजारी धरली, काढली. खिडकीकडे सरकले. चष्मा पुसला. मी ओट्याला टेकून उभी. पाच मिनिटं लागली. मग त्यांनी स्वतःच्याच हाताने एकेक पट्टी उलटी केली.

एकशे चार. एकशे एक. एकशे आठ. एकशे दोन. एकशे सात.

पुढच्या उलट्या केल्याच नाहीत. हात टेबलावर ठेवून बसून राहिले. मला वाटलं आता ओरडतील, कार्डाला शिव्या देतील, कंपनीला देतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मला सगळ्या सारख्याच दिसतात वहिनी," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले. मी अंदाजाने सांगत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"मी नंबर सांगायचो आणि सगळे कार्ड लावून हो म्हणायचे. दुकानातून एकही डबा परत येईना. मी म्हटलं, दिसत नसलं तरी येतंय आपल्याला. हाताला येत असेल." मग म्हणाले, "सगळेच्या सगळे खोटं बोलत होते?"

पोस्टमन, बेकरीवाला, बाई, सख्खा भाऊ. कुणी वाईट नव्हतं हो. सगळ्यांचा त्यांच्यावर जीव होता आणि त्या जीवापायी सगळ्यांनी मिळून त्यांना मरणाच्या तव्यापर्यंत आणून सोडलं होतं. माझे डोळे भरून आले आणि रडायला आलं की मी भांडते, तशी तावातावाने म्हणाले, "मी नाही हं! मी तुमच्याशी कधी खोटं बोलले नाही. माझं तोंड फटकळ आहे, पण सरळ आहे!"

भाऊजींनी अळंब्या रुमालात पुन्हा नीट बांधल्या आणि म्हणाले, "बाईंना फोन करा."

बाई तासाभरात आल्या. भाऊजींना घेऊन वळणावर गेल्या, कापलेल्या देठाचं बूड काठीने उकरलं. खाली पांढरी पिशवी निघाली, त्या बहिणीची खूण. बाई तिथेच ओल्या गवतात बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या, असं भाऊजींनीच सांगितलं. पुढच्या रविवारी मात्र भाऊजींनी सगळ्यांना रांगेत उभं करून असं झाडलं की पोस्टमनने दोन दिवस आमच्या दुकानाचं टपाल दाराखालून सरकवलं. यांना बोलणी बसली ती वेगळीच. यंत्रावरची चादर भाऊजींनी स्वतः काढली, घडी करून यांच्या हातात दिली.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू. पिकलाय. डोळ्यांत पिवळी काच बसवल्यासारखं झालंय, म्हणून सगळं जग पिवळट दिसतंय आणि पांढऱ्यात, फिकट गुलाबीतसुद्धा, फरक कळत नाही. ऑपरेशन करू, एक डोळा आधी, दुसरा महिन्याने. भाऊजींनी विचारलं, "नवीन भिंग बसवणार ते कितव्या नंबरचं पांढरं?" डॉक्टर त्यांना ओळखत नव्हते, त्यांनी चष्म्याचा नंबर सांगितला. मग दोघांचं बराच वेळ काही जुळेना.

पहिल्या डोळ्यावरची पट्टी काढायच्या दिवशी हे त्यांना घेऊन आले. मी दारातच उभी होते. भाऊजी पायऱ्यांवर थांबले आणि आकाशाकडे बघत राहिले. मग माझ्या साडीकडे बघितलं आणि म्हणाले, "सातशे तीन." सातशे तीनच होता. माझा जीव भांड्यात पडला. कधी नव्हे ती मी त्यांना हात धरून आत नेलं, स्वयंपाकघरात, चहाला.

ते आत आले आणि मधोमध उभे राहिले. एका भिंतीकडे बघितलं. दुसरीकडे बघितलं. मान वर करून छत बघितलं.

"हे काय हे? कुणी केलं हे? शवागार आहे का? हा पांढरा आहे? हा निळा आहे, निळा! कोणत्या गाढवाने रंगवलं हे स्वयंपाकघर?"

मी गप्प. मी! यांनी कपात तोंड खुपसलं.

गेल्या वर्षी भाऊजींनीच रंगवलं होतं. 'वहिनींसाठी खास पांढरा' म्हणून तीन दिवस खपून कालवला होता, स्वतः शिडीवर चढून रंगाचा हात दिला होता. पिवळ्या नजरेला पांढरा दिसेपर्यंत त्यात निळा ओतत गेले असणार, ते मला आज कळतंय. तेव्हा एवढंच कळलं होतं की भिंत निळी आहे. भर उन्हाळ्यात हे चहाला बसताना गळ्यात मफलर घालायचे, इतकं ते घर थंडगार दिसायचं. आणि शिडीवरून उतरून, रंगाने माखलेल्या हातांनी भाऊजींनी मला विचारलं होतं, कसं झालंय? त्यांचा तो चेहरा बघून माझं सरळ तोंड म्हणालं होतं, अगदी छान झालंय.

भाऊजींना आठवलं. ते मला कळलं, कारण त्यांनी ओरडणं थांबवलं आणि माझ्याकडे वळले. म्हणाले, "तुम्हीसुद्धा, वहिनी?"

"हो," मी म्हटलं. "सगळ्यांत पहिली मीच."

तेव्हा मी बोलले असते तर वर्षभर आधीच ते डॉक्टरकडे गेले असते. दातांची भिंत नाही, पाळणाघर नाही, रुमालातल्या त्या चार नाहीत. मी त्यांची माफी मागितली. आयुष्यात मी कुणाची सरळ माफी मागितलेली नाही, तोंड वाकडं करूनच मागते, पण त्यांची मागितली.

ते खाली गेले. अर्ध्या तासाने एक डबा आणि एक ब्रश घेऊन वर आले, ओट्याच्या वर वीतभर पट्टा ओढला, मागे सरकले आणि म्हणाले, "बोला. आणि या वेळी खरं बोला."

मी नीट बघितलं. "जरा पिवळा जास्त झालाय."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं!" ते कडाडले, डबा उचलला आणि पिवळा कमी करायला तरातरा खाली गेले.